‘आता गेलंच आहे, तर…’

वजन कमी करायचा निश्चय बहुतेक सोमवारी सुरू होतो. बुधवारी दुपारी साडेतीनला कुणी तळलेलं सोडल्याचं सहसा ऐकिवात येत नाही. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ साली गूगलवरच्या शोधांचा हिशेब मांडला. ‘डाएट’ हा शब्द शोधणाऱ्यांची गर्दी आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला उसळते, असं त्यांना दिसलं. मागचं सगळं पुसून टाकायला माणसाला एखादी तारीख लागते. आपल्याकडे तर पाडवा आहे, दसरा आहे, श्रावण आहे. काहीच नसलं तर सोमवार आहेच.

मग त्याच सोमवारची संध्याकाळ होते. सकाळी ओट्स, दुपारी काकडी आणि दोन फुलके एवढ्यावर दिवस काढलेला माणूस डोंबिवलीला गाडीतून उतरतो. स्टेशनाबाहेर कढईतून वड्यांचा घाणा नुकताच निघालेला असतो. लसणाची लाल चटणी, मिठात घोळवलेली तळलेली मिरची, वर थोडा चुरा. पुढचं सांगायला नको.

या वडापावाचा हिशेब मात्र करून बघण्यासारखा आहे. वड्याच्या आकारावर आणि त्याने प्यायलेल्या तेलावर अवलंबून असलं, तरी एका वडापावात साधारण तीनशे कॅलरी धरतात. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. म्हणजे तो अख्खा वडापाव जास्तीचा झाला असं मानलं, तरी त्यातून चाळीस ग्रॅम चरबीसुद्धा तयार होत नाही. दुसऱ्या दिवशी वजनकाटा अर्धा-पाऊण किलो वर गेलेला दिसतो, त्याचं कारण बहुतांशी मीठ आणि मिठाने धरून ठेवलेलं पाणी. एक-दोन दिवसांत ते उतरतं.

खरं नुकसान वडापावानंतर मनात उमटणाऱ्या वाक्याने होतं: ‘आता गेलंच आहे, तर आजचा दिवस खाऊन घेऊ.’ मग रात्री घरी जाताना भेळेचं पार्सल, जेवणानंतर आइस्क्रीम. दुसरा दिवस मंगळवार, म्हणजे नव्या सुरुवातीला सोयीचा नाही. पुढचा सोमवार येईपर्यंत सगळंच मोकळं.

या वाक्याची मानसशास्त्रज्ञांनी रीतसर तपासणी केली आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तरुणींना आधी मिल्कशेक दिला: काहींना एक ग्लास, काहींना दोन, काहींना अजिबात नाही. त्यानंतर आइस्क्रीमची चव घेऊन मत द्यायला सांगितलं आणि हवं तेवढं खायची मुभा ठेवली. ज्यांना वजनाची फिकीर नव्हती, त्यांनी मिल्कशेक घेतल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं, हात आवरला, सरळ गोष्ट. एरवी मोजूनमापून खाणाऱ्यांचं उलट झालं. मिल्कशेक घेतलेल्यांनी न घेतलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम मोडलाच आहे म्हटल्यावर तो पाळायचं कारणच उरलं नव्हतं.

हर्मन यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या जेनेट पोलिव्ही यांनी टोरांटोत २०१० साली पिझ्झा घेऊन याच्या पुढचा प्रयोग केला. सगळ्यांना पिझ्झाचा सारख्याच आकाराचा तुकडा दिला. पण शेजारी दुसरा तुकडा अशा बेताने ठेवला की, काहींना आपला तुकडा मोठा वाटावा आणि काहींना लहान. नंतर बिस्किटं चाखायला दिली. डाएटवर असलेल्यांपैकी ज्यांना आपण मोठा तुकडा खाल्ला असं वाटत होतं, त्यांनी बिस्किटं जास्त खाल्ली. पोटात गेलेला पिझ्झा सगळ्यांचा एकच होता. फरक होता तो ‘आपण चुकलो’ या समजुतीचा.

यातला निम्मा भाग आपल्या आज्या-पणज्यांना प्रयोगाविना ठाऊक होता. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. दिवसभर ‘आज उपास आहे’ असं घोकलं, की साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू यांना परवाना मिळतो.

मोह होणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा, हा समज मात्र सोडलेला बरा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खातं कसं करावं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण लढायला तत्त्वतः नकार दिलेले, स्वेच्छेने आलेले. निग्रहाला कमी म्हणण्यासारखे नव्हतेच. काही आठवड्यांत त्यांच्या बोलण्यात खाण्याशिवाय विषय उरला नाही. पाककृतींची पुस्तकं ते वाचत बसत. काहींनी चोरून खाल्लं. शेवटी, बाहेर जाताना सोबत जोडीदार हवाच असा नियम करावा लागला. या उपासमारीत त्यांना रोज मिळत होत्या जवळजवळ १,६०० कॅलरी. आज व्हॉट्सअॅपवर फिरणारे कितीतरी तक्ते याहून कमी, बाराशेवर माणसाला ठेवतात आणि वर ‘मनावर ताबा ठेवा’ असा सल्लाही देतात!

शरीराला वजन घटणं हे संकटच वाटतं. मेलबर्नमध्ये प्रिया सुमिथ्रन आणि सहकाऱ्यांनी पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी आहारावर ठेवलं. त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली चटका लावणारी गोष्ट वर्षभरानंतरची आहे. तोवर बरंचसं वजन परत आलं होतं, तरीही भूक चेतवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं आणि तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन उतरलेलंच. त्या लोकांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. झोप कमी पडली तरी याच दोन संप्रेरकांचं असंच होतं. पहाटेच्या लोकलसाठी चारला उठणाऱ्याला संध्याकाळी तळण जास्त खुणावतं, यात नवल कसलं.

अलीकडे भारतात आलेल्या मौंजारो आणि वेगोवी या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनीही हेच दाखवून दिलं. ती घेणारे अनेक जण सांगतात की, डोक्यात सतत चाललेली खाण्याची भुणभुण थांबली. स्वभाव तोच, घर तेच, कोपऱ्यावरची गाडीही तीच. फक्त आतला निरोप बदलला. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचं बरंचसं वजन परतही येतं.

आणि समोरचा पदार्थही काही साधा नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घातला, असं मानलं जातं. तेव्हा त्यांच्यासमोर धावपळीतल्या माणसाला स्वस्तात, हातात धरून खाता येईल असं काहीतरी देण्याचा प्रश्न होता. पण नकळत जुळून आलं ते भलतंच बळकट मिश्रण. येल विद्यापीठातल्या डेना स्मॉल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की, पिष्ट किंवा साखर एकटी, किंवा चरबी एकटी, यांपेक्षा दोन्ही एकत्र असलेला पदार्थ लोकांना अधिक मोलाचा वाटतो. कॅलरी सारख्या असल्या तरी त्यासाठी ते जास्त पैसे मोजायला तयार होते. बटाटा, बेसन आणि पाव एका बाजूला, तेल दुसऱ्या बाजूला. निसर्गात ही जोडी एका ठिकाणी क्वचितच भेटते; गाडीवर दर दहा मिनिटांनी तयार होते. १९९६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत पाय ठेवलेल्या मॅकडोनाल्ड्सने इथल्या शाकाहारी गिऱ्हाइकासाठी जो आलू टिक्कीचा बर्गर आणला, तोही तळलेला बटाटा पावातच घालून.

खाण्याच्या वेगाचाही हात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातले अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधं, घरगुती पद्धतीचं अन्न दिलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी आणि मीठ सारखं ठेवलं. खायचं किती, ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं. २०१९ च्या या प्रयोगात पहिल्या प्रकारावर असताना लोक रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होते आणि घासही भराभर घेत होते. वडापाव कारखान्यातला नसला तरी मऊ आहे, चार-पाच घासांत संपतो. तेवढीच कॅलरी देणारी ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ चावताना दमछाक होते.

एवढं वाचून कुणी निर्धास्त व्हावं असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून स्थूल असू शकतो, तो असा. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की डॉक्टर सावध करतात. रोज संध्याकाळी दोन वडापाव आणि कटिंग चहा हा प्रकार या शरीराला परवडत नाही. प्रश्न आहे तो महिन्यातून दोन-तीनदा होणाऱ्या मोहाचं काय करायचं, हा.

ज्यांनी वजन उतरवून टिकवलं, त्यांच्याकडे बघावं. अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अशा लोकांची नोंदवही सुरू केली. निदान साडेतेरा किलो घटवून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात जागा आहे आणि ही माणसं दहा हजारांवर आहेत. बहुतेक जण दिवसाला तासभर चालण्यासारखा व्यायाम करतात, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात, फास्ट फूड फारसं खात नाहीत. त्यातला एक निष्कर्ष आपल्या ‘चीट डे’वाल्यांनी बघावा असा आहे. सोमवार ते शुक्रवार कडक आणि शनिवार-रविवारी मोकळं, असं करणाऱ्यांपेक्षा सातही दिवस साधारण सारखं खाणाऱ्यांचं वजन जास्त टिकलं.

महाराष्ट्रात २०१८-१९ च्या सुमारास घरोघरी दोन तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, घरचं, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद रंगायचे. यात कोण बरोबर, हे ठरवण्याआधी प्रत्येकाने आपापल्या पद्धतीला एक परीक्षा द्यायला लावावी: संध्याकाळी सहा वाजता ती कितपत टिकते? दुपारी बाराला जेवलेला माणूस रात्री नऊपर्यंत उपाशी राहणार असेल, तर वाटेतल्या कढईशी त्याची लढाई सुरू होण्याआधीच हरलेली असते.

म्हणून उपाय साडेचार-पाचच्या सुमाराला करायचे असतात. ज्याच्या पद्धतीत मधलं खाणं बसतं, त्याने डब्यात मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा वाटीभर उसळ ठेवावी. जमलं तर स्टेशनाचा दुसरा जिना धरावा. भूक लागलेली असताना मोबाइलवरचं खाण्याचं अॅप उघडू नये. २०२४ पासून ‘बोल्ट’सारख्या सेवा दहा मिनिटांत पदार्थ दारात आणू लागल्या आहेत आणि दहा मिनिटांत मत बदलायलाही सवड मिळत नाही. वडापाव आवडतोच, तर आठवड्यातला एखादा दिवस आधी ठरवून, सोबत कुणाला घेऊन, एकच, सावकाश खावा. ठरवून खाल्लेल्याला ‘मोडला नियम’ म्हणता येत नाही, त्यामुळे पुढच्या भेळेची आणि आइस्क्रीमची वाट आपोआप बंद होते.

आणि न ठरवता झालाच, तर रात्रीचं जेवण टाळू नये. भरपाई म्हणून उपाशी झोपणारा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणखी भुकेलेला त्याच कढईसमोर येतो. भाकरी, पालेभाजी, आमटी किंवा ताक, नेहमीच्या वेळी, नेहमीएवढंच घ्यावं. एखादी भाकरी कमी गेली तर जाऊ द्यावी, कारण पोटात आधीच काहीतरी आहे. सकाळी काट्यावर उभं राहायची घाई करू नये. मिठाचं पाणी उतरायला दोन दिवस द्यावेत. मंगळवारचा नाश्ता मात्र मंगळवारीच करावा.