बरोबर उत्तरात लपलेली चूक

४.८ मोठा की ४.६३? दशांश अपूर्णांक शिकलेल्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न विचारून बघा. काही मुले ४.६३ म्हणतील, कारण ६३ हे ८ पेक्षा मोठे. बाकीची ४.८ म्हणतील. बाई त्यांच्या वहीत बरोबरची खूण करतील आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतील.

आता त्या 'बरोबर' मुलांना आणखी एक विचारा: ५.७३६ मोठा की ५.६२? त्यांच्यातलीच काही ठामपणे ५.६२ म्हणतील! त्यांचा नियम असा, की दशांश चिन्हानंतर जितके जास्त अंक, तितके तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. मघाचे बरोबर उत्तर याच चुकीच्या नियमाने आले होते. मेलबर्न विद्यापीठाच्या केय स्टेसी आणि विकी स्टाइन्ली यांनी मुलांच्या अशा समजुतींचा बारकाईने मागोवा घेतला आहे. मूल उगाच ठोकून देत नाही. मनाशी एक नियम बांधते आणि तो इमानेइतबारे पाळते. पन्नास वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला तो नियम दिसणार कसा?

शाळेत संगणक आणण्यातली खरी गंमत मला इथे दिसते. रंगीत चित्रफिती, गाणी, फळ्याच्या जागी आलेला मोठा पडदा हे सगळे ठीक आहे, पण त्यात नवल नाही. नवल असे, की पहिल्या उत्तरावरून दुसरा प्रश्न निवडणारा संगणक प्रोग्रॅम मुलाच्या मनातला नियम हुडकू शकतो. अहमदाबादच्या एका संस्थेने तयार केलेल्या 'माइंडस्पार्क'मध्ये असे ४५,००० हून अधिक प्रश्न आहेत. मूल कितव्या इयत्तेत बसते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ते कुठे अडले आहे ते शोधायचे आणि तिथून सुरुवात करायची.

२०१५ मध्ये कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन या अर्थतज्ज्ञांनी दिल्लीत 'माइंडस्पार्क'ची परीक्षा घेतली. सरकारी शाळांतली ६१९ मुले, बहुतेक सहावी ते नववीची. चिठ्ठ्या काढून त्यांतल्या निम्म्यांना शाळेच्या वेळेबाहेर त्याच्या केंद्रात मोफत प्रवेश दिला. आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास. त्यातली ४५ मिनिटे संगणकासमोर आणि ४५ मिनिटे बारा-पंधरा जणांच्या गटात माणसाकडून शिकवणी. यंत्र आणि माणूस यांच्या अशा जोडीला हल्ली 'ब्लेंडेड लर्निंग' म्हणतात.

सुरुवातीच्या चाचणीतच धक्का बसला. सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. म्हणजे सातवीच्या एकाच बाकावर तिसरीचे, पाचवीचे आणि खरोखर सातवीचे गणित येणारी मुले शेजारी शेजारी बसलेली, आणि फळ्यावर सगळ्यांसाठी सातवीचा एकच धडा. शिक्षकाने कितीही जीव तोडून शिकवले तरी तो धडा किती जणांपर्यंत पोचणार? केंद्रात न गेलेल्या मुलांपैकी तळाच्या तिसऱ्या हिश्शाने प्रयोगाच्या साडेचार महिन्यांत जवळपास काहीच कमावले नव्हते. रोज शाळेत जाऊनही.

केंद्रात प्रवेश मिळालेल्यांचे काय झाले? शंभर मुले गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर अगदी मधला मुलगा गणितात साधारण चौदा जणांना मागे टाकून पुढे सरकला. हिंदीत नऊ जणांना. आणि यात गमतीचा (की दुःखाचा?) भाग असा, की शाळेच्या गणिताच्या परीक्षेला याचा पत्ताही लागला नाही, तिथले गुण फारसे हललेच नाहीत. मूल तिसरीवरून चौथीच्या गणितावर आले होते आणि परीक्षा सातवीची होती. हा दोष मी तरी यंत्राच्या माथी मारणार नाही.

पण कुठेही संगणक बसवला की असेच होते, असे समजू नका. गुजरातेतले दोन प्रयोग याला साक्षी आहेत. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांना २००० साली सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' संस्थेने पाहणी केली, तेव्हा प्राथमिकच्या मुलांचा हात फार थोड्या ठिकाणी त्यांना लागलेला आढळला. मग 'प्रथम'ने माणसे नेमली, चौथीच्या मुलांना एका संगणकावर दोघे असे बसवले आणि आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ दिले. एक तास शाळेच्या वेळेतला, एक बाहेरचा. दुसऱ्या वर्षी आपल्या रांगेतला मधला मुलगा अठरा जणांच्या पुढे गेला. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच लाभ ओसरला, हेही त्याच्या अभ्यासात नोंदलेले आहे.

दुसरा प्रयोग 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांतला. ली लिंडन या अर्थतज्ज्ञाने संगणकाचे धडे दोन तऱ्हांनी देऊन पाहिले. शाळेच्या वेळेबाहेर जादा तास म्हणून दिले, तेव्हा मुले पुढे गेली. पण तेच धडे शिक्षिकेच्या तासाच्या जागी दिले, तेव्हा मधला मुलगा रांगेत वीसहून अधिक जणांच्या मागे घसरला. 'ज्ञानशाले'तली शिकवणी मुळात चांगली बांधलेली होती. संगणकाने तीच हिरावून घेतली.

आणि यंत्राविनाही हे साधते. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम'ने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच तरुणी, तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन बसायच्या आणि त्यांना जिथून येत नाही तिथून सुरुवात करायच्या. त्या मुलांचीही प्रगती मोजण्याइतकी झाली. म्हणजे संगणक काय किंवा बालसखी काय, दोघांनी काम एकच केले. संगणक ते एका वेळी शेकडो मुलांसाठी न कंटाळता करतो, एवढाच त्याचा मोठेपणा. रुसलेल्या पोराला पुन्हा बाकावर आणून बसवणे त्याला जमत नाही.

आपल्याकडे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०१७ मध्ये राज्याने ती कल्पना पाठ्यपुस्तकांसाठी उचलली आणि २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पुस्तकातून पडद्याकडे जायला वाट झाली, हे मोठेच काम. पण कोड स्कॅन केल्यावर सगळ्या मुलांना तीच चित्रफीत दिसत असेल, तर ४.६३ वाला आणि ५.६२ वाला दोघेही आपापला नियम कवटाळून घरी जातील.

तेव्हा तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल किंवा नुसते पालक असाल, तर शाळेत नवे टॅब आल्यावर नारळ फोडण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे कोणाच्या तासाच्या जागी येणार? आणि माझे मूल कुठे अडले आहे ते याला कळते का, आणि कळले तर ते बाईंपर्यंत पोचते का? दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर ते पैसे एखाद्या बालसखीच्या मानधनावर खर्च करा.