भोपळ्याच्या देशातील भुतांची पंगत

दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेत घरोघरी पायऱ्यांवर डोळे-दात कोरलेले भोपळे मांडतात. त्यांच्या पोटात दिवा असतो. मुले भुतांची, चेटकिणींची, सांगाड्यांची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागत फिरतात. हा हॅलोवीनचा सण. पुष्कळ घरांत त्या रात्री एखादा भुताचा सिनेमा निवडतात, त्याला शोभतील असे पदार्थ रांधतात आणि सारे घर एकत्र बसून जेवते.

आपल्याकडील कितीतरी शेतकरी घरांतील मुले-मुली आज तिकडे नोकरीला आहेत. लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडांना भेटायला गेलेले आजी-आजोबा ऑक्टोबरात तिथे असले, की त्यांनाही या पंगतीला बसावे लागते. ताटात 'डोळे' आणि 'बोटे' पाहून कोणालाही कसेसेच होईल. परंतु सणाचे मूळ समजून घेतले आणि थोडे नियोजन केले, तर हीच पंगत लहान मुलांच्या मनातली भीती कमी करायला फार उपयोगी पडते. म्हणून ही माहिती.

सण मुळात सुगीचा

आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील जुन्या केल्टिक लोकांचा 'साउइन' नावाचा सण होता. पिके घरात आलेली असत, उन्हाळी कुरणांवर गेलेली गुरे खाली आणून बांधलेली असत आणि दुसऱ्या दिवसापासून थंडीचा काळोखा काळ सुरू होई. त्या रात्री मेलेली माणसे घराकडे येतात, अशी समजूत होती. पितृपंधरवड्यात पानावर लाल भोपळ्याची भाजी वाढणाऱ्या आपल्या घरांना हे निराळे सांगायला नको. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोवीन.

आयर्लंडमध्ये दिवे कोरत ते सलगमचे. तो सण अमेरिकेत रुजण्यामागे एका पिकावरचा रोग आहे. बटाटा लावणाऱ्यांना उशिरा येणारा करपा ठाऊक आहे. १८४५ साली हाच करपा आयर्लंडच्या बटाट्यावर पडला. पुढची काही वर्षे पीक हाती लागले नाही. सुमारे १० लाख माणसे दगावली आणि तेवढ्याच, किंबहुना जास्त लोकांनी देश सोडला. त्यांतील बरेच अमेरिकेला गेले आणि आपला सण बरोबर घेऊन गेले. तिथे त्यांना सलगमपेक्षा मोठा आणि कोरायला सोपा असा भोपळा सापडला.

कोरण्याचा भोपळा वेगळा, खाण्याचा वेगळा

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पायरीवर ठेवायचा मोठा नारिंगी भोपळा दिसायला देखणा असला, तरी त्याचा गर पाणचट आणि धागेदार असतो. भाजीला तो घेऊ नये. खाण्यासाठी बाजारात लहान, गोड 'शुगर पंपकिन' मिळतो. डबाबंद गरही मिळतो. डब्यासाठीचा बहुतेक भोपळा इलिनॉय राज्यात पिकतो आणि त्याची जात आपल्या लाल भोपळ्याच्या, म्हणजे डांगराच्या कुळातील आहे. त्यामुळे त्याची चव आपल्या ओळखीची निघते. डबा घेताना त्यात निव्वळ भोपळाच आहे ना, हे वाचून घ्यावे. 'पंपकिन पाय मिक्स' असे लिहिले असेल, तर त्यात साखर आणि मसाले आधीच घातलेले असतात.

सिनेमा निवडताना

घरातील सर्वांत लहान मुलाला जो सिनेमा झेपेल तोच सर्वांनी पाहावा, हा पहिला नियम. अमेरिकन सिनेमांवर 'जी', 'पीजी', 'पीजी-१३', 'आर' अशा खुणा असतात. 'जी' सर्वांना चालतो. 'आर' खूण असलेला सिनेमा मुलांसाठी नाही. 'हॅलोवीन' याच नावाचा १९७८ सालचा प्रसिद्ध सिनेमा 'आर' आहे. नुसते नाव पाहून तो लावू नये.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी १९६६ सालचा 'इट्स द ग्रेट पंपकिन, चार्ली ब्राउन' हा व्यंगचित्रपट उत्तम. तो जेमतेम २५ मिनिटांचा आहे आणि त्यात भूत नाहीच. लायनस नावाचा मुलगा महाभोपळा येईल म्हणून रात्रभर भोपळ्याच्या शेतात बसतो. महाभोपळा काही येत नाही. पहाटे त्याची भांडखोर बहीण ल्युसी कुडकुडणाऱ्या भावाला घरी आणून अंथरुणात निजवते. त्याहून मोठ्या मुलांना १९९५ चा 'कॅस्पर' चालेल. त्यातले लहान भूत मैत्रीला आसुसलेले आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर १९९३ चा 'हॉकस पोकस' किंवा १९८४ चा 'घोस्टबस्टर्स' पाहता येतो, पण तो मोठ्यांनी आधी एकदा पाहून ठेवावा.

भीती कशाची बनते?

या जेवणाचा खरा उपयोग इथेच आहे. सिनेमातली भीती माणसांनी बनवलेली असते, आणि तिचे सामान पुष्कळदा स्वयंपाकघरातलेच असते. १९६० सालच्या 'सायको' या कृष्णधवल सिनेमात मोरीत वाहणारे रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता. १९७३ सालच्या 'द एक्झॉर्सिस्ट'मधील झपाटलेल्या मुलीची हिरवी ओकारी वाटाण्याच्या सारापासून केली होती. 'घोस्टबस्टर्स'च्या शेवटी अंगावर कोसळणारा पांढरा लगदा दाढीच्या साबणाचा फेस होता. १९३१ सालच्या 'फ्रँकेनस्टाईन'मधील राक्षस म्हणजे बोरिस कार्लॉफ हा नट. त्याला रंगवायला रंगभूषाकाराला रोज कित्येक तास लागत.

हे भयंकर सिनेमे मुलांना दाखवायचे नाहीत. जेवताना त्यांची गुपिते मात्र जरूर सांगावीत. वाटाण्याचे सार पिताना आणि आइस्क्रीमवर चॉकलेटचा पाक ओतताना ऐकलेली गोष्ट मुलांच्या लक्षात राहते. पुढे पडद्यावर रक्त दिसले, की 'हे कशाचे केले असेल?' असा प्रश्न मूल आपणहून विचारते.

ताटात काय असावे?

पाच पदार्थ पुरेत. सगळे शाकाहारी असून परदेशातील दुकानात त्यांचे सामान मिळते.

१. वाटाण्याचे सार : हिरवा वाटाणा उकडून, वाटून, आले-जिऱ्याची फोडणी द्यावी.

२. बटाट्याची भुते : आयर्लंडमध्ये या सणाला बटाटा कुस्करून त्यात कोबी घालतात, त्याला कोलकॅनन म्हणतात. उकडलेला बटाटा, लोणी, मीठ आणि बारीक चिरून वाफवलेला कोबी एकत्र करून उभे गोळे करावेत. वर दोन मिऱ्यांचे डोळे. खाताना मिरे काढून टाकावेत.

३. ढोबळी मिरचीचे दिवे : नारिंगी ढोबळी मिरचीचे टोपण कापून, बिया काढून, सुरीने डोळे व तोंड कोरावे. आत मसालेभात भरून ओव्हनमध्ये भाजावे. डोळ्यांतून भात डोकावतो.

४. गुंडाळलेली प्रेते : १९३२ साली 'द ममी' नावाचा सिनेमा आला होता. त्यावरून हा पदार्थ. पनीरच्या बोटाएवढ्या कांड्यांना तिखट-मीठ लावून पोळीच्या कणकेच्या पट्ट्या गुंडाळाव्यात आणि तळाव्यात.

५. भोपळ्याचे घारगे : ४२५ ग्रॅमच्या डब्यातील गरात सुमारे २०० ग्रॅम गूळ घालून तो विरघळेपर्यंत शिजवावे. गार झाल्यावर वेलची, चिमूटभर मीठ, दोन चमचे तांदळाचे पीठ आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवावे. पाणी घालू नये. जाडसर घारगे थापून बाटलीच्या झाकणाने डोळे आणि तोंड पाडावे व मंद आचेवर तळावे. भोके पाडल्यामुळे ते फुगत नाहीत, पण खुसखुशीत होतात. हे काम आजीचे, आणि भोके पाडण्याचे काम नातवंडांचे.

भोपळा कोरताना निघालेल्या बिया फेकू नयेत. धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजाव्यात. सिनेमा पाहताना त्या तोंडात टाकायला बऱ्या.

जेवण अंधार पडण्यापूर्वीच, पाचच्या सुमारास उरकावे. मग मुलांनी सोंगे घेऊन फिरून यावे आणि सिनेमा त्यानंतर, घरात एखादा दिवा चालू ठेवून पाहावा. मूल घाबरले तर सिनेमा तिथेच बंद करावा. त्याची थट्टा करू नये.

खरे धोके

भूत नसले, तरी धोके आहेत. अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आसपासच्या दिवसांच्या संध्याकाळच्या तुलनेत हॅलोवीनच्या संध्याकाळी गाडीखाली सापडून मरणाऱ्या पादचाऱ्यांचे प्रमाण ४३ टक्के जास्त आढळले. म्हणून काळ्या सोंगावर चमकणारी पट्टी चिकटवावी, हाती विजेरी द्यावी आणि बरोबर मोठे माणूस असावे. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा, कारण सोंगाचे लांब कपडे चटकन पेटतात. सोललेल्या द्राक्षांचे 'डोळे' करतात, पण पाच वर्षांखालील मुलाच्या घशात अख्खे द्राक्ष अडकू शकते. त्यांना उभे चार तुकडे करूनच द्यावे.

खऱ्या धोक्याला भ्यावे आणि खोट्याला हसावे, हे वळण लहानपणीच लागलेले बरे. आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. असा कायदा करावा लागला, यावरूनच भुताखेतांचे भय किती महागात पडते ते कळते. ज्या मुलाने बटाट्याचे भूत स्वतः वळले आणि खाल्ले, ते मोठेपणी अडचणीच्या वेळी मांत्रिकाकडे जाण्याआधी दवाखान्याची वाट धरील, अशी आशा बाळगायला हरकत नाही.

सण संपला की कोरलेला भोपळा कचऱ्याच्या पेटीत जाऊ देऊ नये. रंग किंवा मेण लागलेला भाग काढून, तुकडे करून तो परसात कंपोस्टच्या ढिगात घालावा आणि वर वाळलेला पाला पसरावा. जवळपास शेत असल्यास आणि भोपळा सडलेला नसल्यास शेतकऱ्याला विचारून गुरांना किंवा डुकरांना द्यावा. ते तो आवडीने खातात.