वैमानिकाची घडण

उदगीरच्या पुढे बीदर आहे आणि बीदरला भारतीय वायुदलाचे शिक्षणकेंद्र आहे, हे जळकोटकरांना नव्याने सांगावयास नको. तेथे हॉक विमानांवर तरुण वैमानिकांना लढाऊ उड्डाणाचे पाठ मिळतात. परंतु आपल्या मुलखाचा या विद्येशी असलेला संबंध त्याहून जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात, जळकोट हैदराबाद संस्थानात असताना, त्या संस्थानच्या राजधानीत बेगमपेठच्या विमानतळावर प्राथमिक उड्डाणशिक्षणाची पहिली शाळा चालत होती. दुसरी जोधपूरला होती. विशीतला एखादा मुलगा अशा शाळेत शिरून लढाऊ वैमानिक कसा होत असे, ते आज पाहू.

भारतीय वायुदलाची स्थापना 1932 ची. 1939 मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा त्याचे एकच पथक होते. 1945 मध्ये ती संख्या नऊवर गेली. विमाने कारखान्यातून मागविता येतात, वैमानिक मात्र घडवावाच लागतो. युद्धाला घाई होती, पण आकाश कोणाच्या घाईची पर्वा करीत नाही. अर्धवट शिकलेल्या वैमानिकाला शत्रूच्या आधी जमीनच गाठते.

म्हणून पहिली पायरी जमिनीवरची. लाहोरजवळच्या वॉल्टन येथे कवायत, बिनतारी संदेशाची कडकट्ट लिपी, नकाशा, हवामान आणि इंजिन यांचे धडे होत. वाऱ्याचे गणित विशेष महत्त्वाचे. पुराच्या पाण्यात नावाडी पैलतीरावरच्या घाटाकडे सरळ नाव धरीत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. वैमानिकालाही तसेच करावे लागते. फरक एवढाच की, त्याचा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी पायरी बेगमपेठची. तेथील टायगर मॉथ हे दोन पंखजोड्यांचे, उघड्या बैठकीचे, अवघ्या 130 अश्वशक्तीचे विमान. शिक्षक पुढे, शिष्य मागे आणि दोघांमध्ये बोलण्यासाठी एक नळी. आठ-दहा तासांच्या शिक्षणानंतर एखाद्या सकाळी शिक्षक विमानातून खाली उतरे आणि एकट्याने एक फेरी मारून ये, असे सांगे. तोल राखण्यासाठी एकट्यानेही मागेच बसावयाचे असे. त्यामुळे शिष्याला सबंध फेरीभर समोरची रिकामी जागा दिसत राही. चुकले तर सावरणारा हात आता तेथे नव्हता.

याच शाळेत गिरकीतून सुटण्याचे शिक्षण मिळे. वेग फार कमी झाला की पंखांचा आधार सुटतो आणि विमान गरगरत खाली येऊ लागते. जमीन वर येताना दिसते आणि जिवाच्या भीतीने हात दांडा मागे ओढू पाहतो. तीच घातक चूक! गिरकीच्या उलट बाजूचे पायसुकाणू दाबावयाचे आणि दांडा पुढे, म्हणजे जमिनीच्याच दिशेने, ढकलावयाचा. वेग परत येतो, पंख पुन्हा आधार घेतात, मग नाक हळूच वर उचलावयाचे. भीती सांगते त्याच्या उलट हात चालला पाहिजे, आणि विचार करण्यास वेळ नसतो. म्हणून पुरेशा उंचीवर मुद्दाम गिरकी घेऊन हा धडा पुन्हा पुन्हा गिरविला जाई. ज्यांना तो साधत नसे त्यांना काढून टाकीत. शिष्याला ते कठोर वाटे, परंतु त्यात त्याच्या प्राणांची काळजी होती.

तिसरी पायरी अंबाल्याची. येथील हार्वर्ड सुमारे 600 अश्वशक्तीचे. त्याची चाके उड्डाणानंतर पंखांत मिटत. उतरताना ती खाली सोडण्यास विसरला तर विमान पोटावर घासत जाई. म्हणून उतरण्यापूर्वीच्या गोष्टी पाढ्यासारख्या पाठ कराव्या लागत. रात्रीचे आणि ढगातले उड्डाणही असे. ढगात क्षितिज दिसत नाही. विमान कललेले असताना आपण सरळ आहोत असे कान सांगतात. अशा वेळी स्वतःच्या शरीरावर अविश्वास आणि यंत्रावर विश्वास ठेवावा लागतो. हा सराव आधी जमिनीवरच्या, झाकण बंद होणाऱ्या लिंक नावाच्या पेटीत बसून होई. येथे उत्तीर्ण झाल्यावर छातीवर पंखांचे चिन्ह लागे.

पण तो अजून योद्धा नव्हता. रिसालपूर व पेशावर येथे त्याला हरिकेन मिळे. या विमानाची शक्ती 1200 अश्वांहून अधिक आणि बैठक एकच. शिक्षकाला बसावयास जागाच नाही! तो पंखावर उभा राहून समजावून सांगे आणि खाली उतरे. पहिले उड्डाणच एकट्याचे.

अशा शिक्षणाची कसोटी ब्रह्मदेशाच्या सीमेवर लागली. 1944 मध्ये इंफाळला वेढा पडला असता अर्जनसिंगांचे पहिले पथक हरिकेनमधून जंगलावरून खाली उडत शत्रूची टेहळणी करीत होते. मुंबईच्या हृषिकेश मुळगावकरांना 1940 मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, वायुदलात अधिकारपद मिळाले. काश्मीरच्या लढाईतील पराक्रमासाठी त्यांना महावीरचक्र मिळाले आणि 1976 मध्ये ते वायुदलाचे प्रमुख झाले.

या साऱ्या पायऱ्यांत शिक्षक क्रमाक्रमाने दूर होत जातो. प्रथम तो शेजारी, मग खाली धावपट्टीवर, शेवटी केवळ शिष्याच्या हातातल्या सवयीत. त्याने लवकर उतरावे तर शिष्य मरतो. कधीच उतरू नये तर शिष्य वैमानिक होत नाही. केव्हा उतरावे हे ओळखणे, हीच या विद्येतील सर्वांत अवघड गोष्ट. बीदरकडून येणारा विमानाचा आवाज कधी कानी पडला, तर आत बसलेल्या मुलाबरोबर त्याच्या शिक्षकाचीही आठवण ठेवावी.