बांधायचे ते सिलिंडरला, मुक्या जिवाला नव्हे

करोनाच्या साथीत, विशेषतः २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनचे सिलिंडर रुग्णालयातून घराघरांत आले. फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या वृद्धांच्या उशाशी ते आजही दिसते. आपल्या धाराशिव जिल्ह्यात त्याच घरात बहुधा एखादे कुत्रे, मांजर किंवा अंगणात उस्मानाबादी शेळीही असते. मग नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, प्राणी घराबाहेर काढावेत का?’ आजारी माणसाला त्या सोबतीचा मोठा आधार असतो. काळजी घ्यायची ती सिलिंडरची.

काळ्या अंगाच्या व पांढऱ्या खांद्याच्या त्या लहान सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोच्या दाबाने कोंडलेला असतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या हा दाब साधारण सत्तर पट. कुत्र्याच्या धक्क्याने सिलिंडर आडवे पडून व्हॉल्व्ह तुटला, तर ते बाणासारखे सुटते. म्हणून ते उभेच ठेवावे आणि साखळीने भिंतीला किंवा भक्कम स्टँडला बांधावे. राखीव व रिकाम्या सिलिंडरलाही हाच नियम. शेळीचे दावे किंवा कुत्र्याचा पट्टा मात्र त्याला कधीही अडकवू नये.

दुसरी काळजी नळीची. जमिनीवर लोळणारी नळी मांजराला खेळणे वाटते. ती खाटेच्या कडेने वर बांधून न्यावी आणि दातांच्या खुणा आहेत का, हे रोज सकाळी पाहावे. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. ऑक्सिजनला वास नसतो, त्यामुळे गळती नाकाला कळत नाही.

तिसरी काळजी आगीची. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. परंतु ठिणगीचा वणवा करतो. गोधडीत, कपड्यांत आणि उशाशी झोपलेल्या मांजराच्या केसांतही तो साचतो. पुरवठा बंद केल्यावर दारे-खिडक्या उघडून किमान वीस मिनिटे जाऊ द्यावीत. तोवर रुग्णाला आणि प्राण्यालाही चुलीजवळ नेऊ नये. चूल, विडी, उदबत्ती सिलिंडरपासून निदान दहा फूट दूर हवी. नवरात्रात घरोघरी अखंड नंदादीप तेवतो. तो रुग्णाच्या खोलीत ठेवू नये. मांजराच्या शेपटीनेही समई कलंडते. आई तुळजाभवानीचा दिवा दुसऱ्या खोलीतही तितकाच पावन असतो.

व्हॉल्व्ह घट्ट बसला तरी त्यास तेल वा ग्रीस लावू नये. दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेटू शकते. खोबरेल लावलेले हातही आधी साबणाने धुवावेत. सिलिंडर पत्र्याखालच्या उन्हात किंवा बंद कपाटात ठेवू नये.

आज संध्याकाळी एवढेच करा: सिलिंडरला हाताने हलका धक्का देऊन पाहा. ते डोलले, तर साखळी आणायला उद्याची वाट पाहू नका.