गोटी सॉलिड आहे, बॉस!

फोटोत कूल दिसणारा काचेचा गोळा म्हणजे नुसता शोपीस नव्हे. रात्रीच्या हायवेपासून घरच्या ब्रॉडबँडपर्यंत त्याचीच भावंडं राबत असतात. फक्त त्याला उन्हात एकटं सोडू नका!

शनिवारची दुपार, चार वाजलेले. मी किचनमध्ये कॉफी करत होते, रूममेट लॅपटॉपवर. तेवढ्यात तिची हाक, "अगं, काहीतरी जळतंय! इस्त्री चालू ठेवलीस का?"

इस्त्री बंद होती. धूर येत होता तो खिडकीतल्या उशीतून! आदल्या आठवड्यात मी फोटोंसाठी क्रिस्टल बॉल घेतला होता. ८० मिलिमीटरचा, अर्ध्या किलोहून जड. समोर धरायचा, आतलं उलटं जग क्लिक करायचं आणि इन्स्टावर टाकायचं, एवढाच प्लॅन. सकाळी फोटो काढून झाल्यावर तो उशीच्या खळग्यात तसाच राहिला आणि दुपारी ऊन त्याच्यावर आलं. उशीवर काळा ठिपका पडला असेल असं वाटलं होतं, पण होती चक्क एक रेघ. जेमतेम सेंटीमीटरभर, किंचित वाकलेली.

ठिपका का नाही, रेघच का? या एका प्रश्नापायी माझा अख्खा वीकेंड गेला.

ना पाठ, ना पोट

साधं भिंग सूर्याकडे नीट तोंड करून धरलं तरच कागद जळतो. तिरकं धरलं की गेलं. गोळ्याचं तसं नाही. त्याला ना पाठ, ना पोट. उजेड कुठूनही येवो, तो पलीकडच्या बाजूला एकवटतोच. माझ्या गोळ्यासारख्या साध्या ऑप्टिकल काचेचा फोकस पृष्ठभागापासून व्यासाच्या साधारण पाव अंतरावर पडतो, म्हणजे दोन सेंटीमीटरच्या आसपास. उशीची फुगलेली कड नेमकी तिथेच होती. सूर्य सरकला तसा जळणारा ठिपका सरकत गेला आणि रेघ तयार झाली.

गंमत म्हणजे माझ्या या घोळाला रीतसर वैज्ञानिक उपकरणाचा दर्जा आहे! जॉन फ्रान्सिस कॅम्पबेल या स्कॉटिश गृहस्थाने १८५३मध्ये पाणी भरलेला काचेचा गोळा लाकडी वाडग्यात ठेवला आणि ऊन वाडगा कुठे जाळतं ते पाहिलं. (हाच माणूस हायलँड्सच्या लोककथा गोळा करत हिंडायचा. मल्टिटास्किंग काही आजचं नाही.) पुढे १८७९मध्ये जॉर्ज स्टोक्सने त्यात सुधारणा केली. भरीव गोळा आणि मागे तासांच्या खुणा असलेलं कार्ड. ऊन असेल तोवर रेघ जळत जाते, ढग आला की तुटते. संध्याकाळी रेघ मोजायची, दिवसभराचं ऊन कळतं. ना बॅटरी, ना चार्जर. आपल्या हवामान खात्याच्या वेधशाळांनीही हा कॅम्पबेल-स्टोक्स रेकॉर्डर वर्षानुवर्षं वापरला.

घाटातला पांढरा पट्टा

आता एक्स्प्रेस वेवर या. रात्री हेडलाइट पडला की रस्त्यावरचे पांढरे पट्टे लख्ख चमकतात, ते नुसत्या रंगामुळे नाही. पट्ट्याचा थर गरम असताना त्यावर रव्याएवढे बारीक काचेचे मणी पेरतात. प्रत्येक मणी अर्धा रंगात रुतलेला, अर्धा बाहेर. हेडलाइटचा उजेड मण्यात शिरतो, मागच्या पांढऱ्या रंगाजवळ एकवटतो आणि तिथून उसळून बराचसा आल्या वाटेनेच परततो, म्हणजे तुमच्या गाडीकडे. गाडी कुठल्याही लेनमध्ये असो, मण्याला फरक पडत नाही. पाठ-पोट नाही ना!

पण जुलैमधली खंडाळ्याची रात्र आठवा. धो धो पाऊस, आणि ऐन गरजेच्या वेळी पट्टा गायब! त्याचंही कारण मण्यातच आहे. काच उजेड जोरात वाकवते ती हवेतून येणारा. मण्यावर पाण्याचा थर साचला की उजेड पाण्यातून काचेत शिरतो, फारसा वाकतच नाही आणि फोकस पार मागे जातो. शिवाय त्या थरावर उजेड आरशासारखा पुढे निसटतो तो वेगळाच. त्यामुळे घाटात पट्टा दिसेनासा झाला तर चष्म्याचा नंबर वाढला असं समजू नका. गाडीचा वेग कमी करा. पट्टा तुम्हाला सांभाळेल या भरवशावर राहू नका.

छोटी गोटी, मोठा सीक्रेट

इतकं भारी आहे तर कॅमेऱ्यात गोळाच का बसवत नाहीत? कारण कडेने जाणारे किरण मधल्या किरणांच्या आधीच एकत्र येतात आणि चित्र धूसर होतं. याला स्फेरिकल अ‍ॅबरेशन म्हणतात. उपाय काय, तर नजर मधल्या बारीकशा भागावर ठेवा आणि गोळा लहान करा. गोळा जितका लहान, तितकी त्याची ताकद जास्त.

डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक यानं १६७०च्या दशकात असल्याच एका भिंगाच्या सूक्ष्मदर्शकांतून पाण्यातले जीव पाहिले. भिंगं कशी बनवतो ते मात्र जन्मभर सांगितलं नाही. २०२१मध्ये संशोधकांनी त्याचा उट्रेख्तमधला सर्वात ताकदवान सूक्ष्मदर्शक न उघडता न्यूट्रॉन किरणांनी आतून पाहिला. आत निघाली चक्क बारकी गोटी! रॉबर्ट हूकने १६६५मध्येच रेसिपी छापली होती. काचेची तार ज्योतीत धरा, टोकाला थेंब होतो. मोठं ट्रेड सीक्रेट निघालं छापील पुस्तकातलं. खुद्द हूकला मात्र अशा गोटीतून बघताना डोळ्यांना त्रास व्हायचा.

तीच आयडिया आयआयटी कानपूरचा माजी विद्यार्थी आणि स्टॅनफर्डचा प्राध्यापक मनू प्रकाश यानं २०१४मध्ये कागदात घडी घालून आणली. फोल्डस्कोपमधली गोटी अडीच मिलिमीटरहूनही लहान, पण वस्तू १४० पट मोठी दाखवते. पार्ट्सचा खर्च तेव्हा एका डॉलरच्या आत होता.

गोळा अर्धा कापला तरी वाया जात नाही. आजोबांच्या टेबलावरचा, पेपरवेटसारखा घुमट असतो ना? तो सपाट बाजूने थेट पेपरवर ठेवायचा, अक्षरं साधारण दीडपट होतात. हात थरथरला तरी फोकस हलत नाही. रिमोटच्या टोकाच्या चिमुकल्या एलईडीवरही असाच घुमट असतो, आतला उजेड बाहेर काढायला.

आणि वर्क फ्रॉम होम? फायबर ब्रॉडबँडच्या अनेक मोडेममध्ये लेसरच्या तोंडावर एक इवलीशी गोटी बसवलेली असते. लेसरचा पसरणारा उजेड गोळा करून काचतंतूच्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यात घालायचा, हे तिचं काम. केस त्याच्या कितीतरी पट जाड! गोटी कशीही फिरली तरी सुलटीच, म्हणून बसवायलाही सोपी. तुमची सकाळची मीटिंग कदाचित तिच्यातूनच जाते.

आमचा गोळा आता कापडी पिशवीत, पिशवी ड्रॉवरमध्ये. फोटो काढून झाले की लगेच आत, हा रूममेटचा नवा नियम. उशी फेकायची नाही, हा माझा. गोळ्याचा आकार आणि सूर्याचा तासाला पंधरा अंशांचा वेग धरून मी हिशोब केला. सेंटीमीटरभर रेघ म्हणजे साधारण चाळीस मिनिटं ऊन.

"म्हणजे चाळीस मिनिटं आपल्या दोघींपैकी एकीलाही वास आला नाही?" रूममेट म्हणाली.