पत्रे उडाले, पुढे काय?



वैशाख सरत आला की आपल्याकडे दुपारनंतर आभाळ भरून येते, वावटळ उठते आणि वळवाचा पाऊस कोसळतो. उसाला तो मानवतो, पण घराला मानवेलच असे नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाडा अजून विसरलेला नाही. 11 फेब्रुवारी 2018 रोजी जालना, मंठा भागात गारा पडल्या तेव्हा पिकांबरोबर माणसेही दगावली.

या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण आणि खोडव्याविषयी लिहितो. आज घराविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातील एका सभासदाच्या घराचे पत्रे रात्रीच्या वादळात उडाले. सकाळी आम्ही त्या शिवारात गेलो, लोळलेल्या उसाची पाहणी केली, मुळ्या उघड्या पडल्या तिथे माती लावायला सांगितले आणि पुढच्या गावाला निघालो. घराबद्दल चकार शब्द काढला नाही. इकडे तिघा भावांनी दुपारपर्यंत वाकलेले पत्रे भंगारवाल्याला दिले आणि उसनवारी करून नवे ठोकले. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसे आली, तर घर धडधाकट! पुढे कळले की घराच्या कर्जाबरोबर विमाही उतरवलेला होता. पण सर्वेक्षकाला दाखवायला ना जुना पत्रा, ना फोटो, ना नव्या पत्र्यांची पावती. हाती आले ते झालेल्या खर्चाच्या मानाने फारच थोडे. "काय करावं साहेब, लेकरं उघड्यावर होती," असे ते म्हणाले. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या सकाळी आम्ही दोन शब्द सांगितले असते, तर त्यांचा खर्च बराचसा भरून निघाला असता. तेच दोन शब्द आज सर्वांना सांगतो : आधी नोंद, मग आवराआवर.

पहिल्या दिवशी काय करावे

प्रथम माणसे आणि जनावरे सुरक्षित जागी न्यावीत. मेन स्विच बंद करावा. तुटून पडलेल्या तारेला हात लावू नये, महावितरणला कळवावे. माळवदाचे घर असेल तर पाऊस थांबला म्हणून लगेच आत झोपू नये. भिजलेल्या मातीचे वजन वाढते आणि धाबे एक-दोन दिवसांनीही बसते.

त्यानंतर कशालाही हात लावण्याआधी फोटो काढावेत. चारही बाजूंनी घर, आतून उघडे छत, पडलेली भिंत, भिजलेले सामान, उडून गेलेला पत्रा जिथे पडला ती जागा, हे सर्व फोटोत यावे. शाळेत जाणारी पोरे हे काम आपल्यापेक्षा चांगले करतात. मग वहीत यादी करावी : पत्रे किती, किती फुटी, लाकूड किंवा अँगल किती, कोणते सामान गेले.

लेकरांच्या डोक्यावर छप्पर हवेच. ताडपत्री जरूर टाका, पण तिची पावती ठेवा. नुकसान वाढू नये म्हणून तात्पुरता आडोसा करायला विमा कंपनी हरकत घेत नाही, उलट ती काळजी आपण घ्यावी अशीच तिची अपेक्षा असते. मोडका पत्रा मात्र पाहणी होईपर्यंत अंगणात एका बाजूला रचून ठेवा. भंगारवाला कुठे पळून जात नाही.

पंचनामा वेगळा, विमा वेगळा

पुष्कळ सभासद या दोन्हींची गल्लत करतात. पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. त्यासाठी तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामपंचायत यांना त्याच दिवशी कळवावे, लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. घर 'अंशतः' पडले की 'पूर्णतः', या एका शब्दावर रक्कम ठरते. 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये होते. किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्या घराला 4,000 आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000 रुपये होते. चालू दर तहसील कार्यालयात विचारावा. यावरून एवढे ध्यानात येईल की ही मदत आहे, पूर्ण भरपाई नव्हे.

घराची भरपाई हवी तर घराचाच विमा पाहिजे. पीक विम्याचा घराशी संबंध नाही. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी देशभर मिळते. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर आणि भूकंप येतात. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेची किंमत धरत नाहीत. उदाहरणार्थ, 600 चौरस फुटांचे घर आज दर फुटाला 1,200 रुपयांनी बांधून होत असेल, तर विमा 7,20,000 चा. त्याच्या 20 टक्के, म्हणजे 1,44,000 रुपयांपर्यंत घरसामान त्यातच धरले जाते. रोख रक्कम त्यात येत नाही आणि दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. विक्रीसाठी ठेवलेली सोयाबीन-कापसाची पोती घरसामानात येतील असे गृहीत धरू नका. गावातल्या घराची पॉलिसी मळ्यातल्या गोठ्याला आपोआप लागू होत नाही. भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, हे अर्जात खरे लिहावे.

नुकसान झाले की कंपनीला ताबडतोब फोन करून दाव्याचा नंबर घ्यावा आणि दाव्याचा अर्ज 30 दिवसांच्या आत द्यावा. सर्वेक्षक येईल तेव्हा घरातील जाणत्या माणसाने हजर राहावे. 'पूर्ण व अंतिम' असे छापलेल्या कागदावर रक्कम पटल्याशिवाय सही करू नये. दावा नाकारला, रक्कम पटली नाही किंवा लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर आले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनामूल्य दाद मागता येते. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावे.

मृगाआधी एवढे कराच

ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढून पाहा. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर पैसे कुणाच्या खात्यात टाकायचे, इथेच घोडे अडते. घराला कर्ज असल्यास विमा आहे का, हे बँकेत विचारा आणि पॉलिसीची प्रत घरी आणा. पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. वारा ओसरीतून आत शिरतो आणि पत्रा खालून उचलतो, मग तोच दगड माणसाच्या डोक्यात येतो. पत्रे हुक-बोल्टने आवळून घ्या.

आमच्या गट कार्यालयातील माणसांना आता आम्ही सांगून ठेवले आहे : वादळानंतर शिवारात गेलात, तर उसाआधी सभासदाचे घर पाहा. लोळलेला ऊस पुन्हा उभा राहतो. उघड्यावर आलेला संसार उभा करायला मात्र कागद लागतात, आणि ते कागद त्याच दिवशी करावे लागतात.

— ऊस विकास अधिकारी