एचआयव्हीबाधित मातांच्या बालकांचे पोषण आणि श्वसनविकार : एक विवेचन

प्रस्तावना :
मातेच्या दुधातून एचआयव्ही विषाणूचे संक्रमण होऊ शकते, हे १९८५ मध्ये निदर्शनास आले. त्यानंतर बाधित मातेने स्तनपान टाळावे, हा सल्ला स्वाभाविक वाटू लागला. परंतु दूध बंद केल्याने विषाणूचा एक मार्ग बंद होत असला, तरी बालक मातेकडून मिळणाऱ्या प्रतिपिंडांना मुकते. न्यूमोनिया व अतिसार हे अर्भकांच्या मृत्यूचे प्रमुख कारण असल्याने या दोन धोक्यांची तुलना करणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखाचा तोच उद्देश आहे.

संशोधनातील निष्कर्ष :
नैरोबी येथील अभ्यासात (१९९२-९८) दोन वर्षांअखेर संसर्गाचे प्रमाण स्तनपान गटात ३६.७ टक्के, तर पावडरचे दूध घेणाऱ्या गटात २०.५ टक्के आढळले. न्यूमोनियाचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. या अभ्यासात नगरपालिकेचे शुद्ध केलेले पाणी उपलब्ध असलेल्या मातांचीच निवड झाली होती.

बोट्स्वानातील सुमारे १२०० मातांच्या अभ्यासात (२००६) वेगळे चित्र दिसले. सातव्या महिन्यापर्यंत संसर्ग पावडरच्या दुधावरील गटात ५.६ टक्के व प्रतिबंधक औषधासह स्तनपान घेणाऱ्या गटात ९.० टक्के होता. मृत्यूचे प्रमाण मात्र अनुक्रमे ९.३ व ४.९ टक्के होते. म्हणजे संसर्गातून वाचलेली बालके इतर आजारांना बळी पडली.

आपल्या पुण्यातील १४८ माता-बालकांच्या अभ्यासात (२००३) गायी-म्हशीचे पाणी घातलेले वरचे दूध प्रामुख्याने दिले जात होते. पहिल्या सहा महिन्यांत रुग्णालयात दाखल झालेली सर्व बालके वरच्या दुधावरील होती. अतिसाराखालोखाल न्यूमोनिया हे त्याचे कारण होते. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने केवळ दुधालाच दोष देता येणार नाही. तथापि, नैरोबीशी तुलना करता पर्यायी दुधाची सुरक्षितता पाणी, इंधन व स्वच्छता यांवर अवलंबून असते, असे म्हणता येईल.

मिश्र आहाराचा धोका :
दरबान येथील अभ्यासाने (१९९९) निव्वळ स्तनपानापेक्षा मिश्र आहारात संक्रमण अधिक होते, हे दाखविले. इतर अन्नामुळे आतड्याच्या अस्तरास इजा होऊन विषाणूचा प्रवेश सुकर होतो, असे मानले जाते. आपल्याकडे मध, बाळघुटी वा वरचे पाणी देण्यास कोणी मिश्र आहार म्हणत नाही. वस्तुतः तो मिश्र आहारच होय. दुसरीकडे, अजिबात दूध न पाजणाऱ्या सुनेकडे घरात संशयाने पाहिले जाते. त्यामुळे आजार लपविण्यासाठी ती दोन्ही प्रकारचे दूध देते आणि सर्वाधिक जोखमीच्या मार्गाकडे ढकलली जाते. हा प्रश्न वैद्यकीय आहे, तितकाच सामाजिकही आहे.

सद्यःस्थिती :
एआरटी औषधांमुळे या द्वंद्वाचे स्वरूप पालटले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस अभ्यासात माता वा बालकास औषधे दिली असता स्तनपानातून होणारे संक्रमण बारा महिन्यांअखेर सुमारे ०.६ टक्के इतके अल्प आढळले. भारतात २०१४ पासून सर्व बाधित गर्भवतींना आजीवन एआरटी देण्याचे धोरण आहे, तसेच पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस केली जाते. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी बालकास सहाव्या आठवड्यापासून कोट्रायमोक्साझोल दिले जाते. संसर्ग न झालेल्या अशा बालकांनाही न्यूमोनियाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. म्हणून दोन ते बारा महिन्यांच्या बालकाचा श्वास मिनिटास ५० वा अधिक असल्यास त्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

निष्कर्ष :
बालक केवळ विषाणूपासून मुक्त राहणे पुरेसे नाही, ते जगलेही पाहिजे. 'बाधित मातेने दूध पाजू नये' हे जुने विधान आजही व्याख्यानांतून ऐकू येते. रेड रिबन क्लब व राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून विद्यार्थ्यांशी बोलणाऱ्या प्राध्यापकांनी ते दुरुस्त करणे, ही आपली शैक्षणिक जबाबदारी होय.